ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल : निवड

डिझेल ट्रॅक्टरच्या इंजिनातील फिरत्या व सरकत्या भागांमध्ये पातळ थर राखणारे, पिस्टनची उष्णता खाली उतरवणारे आणि ज्वलनातून आलेली काजळी स्वतःत धरून ठेवणारे वंगण. मूळ तेलात झीजरोधक, गंजरोधक, मळ काढणारी व काजळी विखुरलेली ठेवणारी रसायने मिसळून ते तयार होते. गावोगावी त्याला नुसते ‘ऑइल’ म्हणतात आणि ते ज्या भांड्यात साठते त्याला ‘चेंबर’. ३५ ते ५० अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये साधारण ६ ते ९ लिटर ऑइल मावते. कोणते ऑइल घालायचे हे डब्यावरच्या दोन खुणांवरून ठरते : दाटपणाचा अंक आणि दर्जाची अक्षरे. या दोन्ही खुणा ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात. डब्यावरचे कंपनीचे नाव त्यानंतर पाहावे.

दाटपणाचे (श्यानतेचे) अंक अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवले आहेत. भारतात ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० हे दोन जास्त चालतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याआधीचा अंक थंड इंजिनात ऑइल कसे वागते ते सांगतो, तर नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट उरते ते. ‘४०’ लिहिलेल्या ऑइलची श्यानता १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (श्यानतेचे एकक) दरम्यान असावी लागते. थंडीतील चाचणी १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना होते. निफाडच्या कडाक्यातही पारा तेवढा खाली जात नाही, त्यामुळे महाराष्ट्रात हे दोन्ही चालू शकतात. हिमाचल किंवा काश्मीरमध्ये मात्र पहिला अंक नीट पाहूनच डबा घ्यावा लागतो.

‘जाड ऑइल तेच चांगले’ हा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो इंजिनाचे नुकसान करतो. दुकानात चिमटीत घासून पाहिलेले ऑइल हवेच्या तापमानाचे असते, इंजिनात ते बरेच अधिक तापते. १५डब्ल्यू-४० ऑइलची श्यानता ४० अंशांना साधारण ११० सेंटिस्टोक्स असते, ती १०० अंशांना १४च्या आसपास येते. बोटांना जे कळते ते बेअरिंगला कामाचे नाही. रात्रभरात ऑइल चेंबरमध्ये उतरते. सकाळी स्टार्टर मारल्यावर पंप ते पुन्हा वर चढवतो, तोवरचे काही क्षण क्रँकची बेअरिंगे आणि झडपा उघडणारे रॉकर जेमतेम उरलेल्या थरावर चालतात. गरजेपेक्षा जाड ऑइल तिथे उशिरा पोचते, शिवाय ते ढवळण्यात डिझेलही खर्च होते. ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनात जाड ऑइल ओतल्यावर धूर कमी दिसतो, पण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर (अस्तर) तसेच राहतात. तिथे पैसा दुरुस्तीवर घालणेच योग्य.

दर्जाची अक्षरे एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, ठरवते. डिझेल इंजिनांची अक्षरे ‘सी’ने सुरू होतात, पेट्रोल इंजिनांची ‘एस’ने. सीएफ-४ हा दर्जा १९९०चा, सीएच-४ १९९८चा, सीआय-४ २००२चा आणि सीके-४ २०१६चा. शेवटचा ४ चार-स्ट्रोक इंजिन दाखवतो. जिथे सीएफ-४ सांगितले आहे तिथे सीआय-४ चालते, पण जिथे सीआय-४ हवे तिथे स्वस्त म्हणून सीएफ-४ घालणे चूक आहे : टर्बो असलेल्या आणि काजळी जास्त करणाऱ्या इंजिनात ते लवकर थकते. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना जानेवारी २०२३पासून ट्रेम-४ हे उत्सर्जन निकष लागू झाले. अशा ज्या इंजिनांना धुराची गाळणी (डीपीएफ) आहे, त्यांना कमी राख सोडणारे सीजे-४ किंवा सीके-४ लागते. साध्या ऑइलची राख गाळणीत साचते आणि पेटवून जळत नाही.

एकच अंक असलेले दोन डबे एकसारखे नसतात. मोटरसायकलच्या ऑइलवरही २०डब्ल्यू-४० लिहिलेले असते, पण ते पेट्रोल इंजिन आणि ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी बनवलेले असते. डिझेलची काजळी पेलणे हे त्याचे काम नाही. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक लिफ्ट आणि ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकसाठीचे यूटीटीओ ऑइलही इंजिनात घालू नये. उलट, त्या जागी इंजिन ऑइल घातले तर ब्रेक थरथरतात आणि आवाज करतात.

इंजिन किती तास चालले त्यावर ऑइल बदलतात. अनेक पुस्तिकांमध्ये पहिली बदली ५० तासांना आणि पुढे दर २५० तासांना सांगितलेली असते, फिल्टर त्यासोबतच. जुन्या यांत्रिक मीटरचा एक तास म्हणजे ठरलेल्या वेगाने फिरलेल्या इंजिनाचा एक तास, त्यामुळे कमी वेगावर मळणी यंत्र दिवसभर चालले तरी मीटर कमी भरतो. मे महिन्याच्या धुळीत रोटाव्हेटर चालवणाऱ्याने मुदतीच्या आधीच बदलावे. अनेक ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या वाटीतही हेच ऑइल असते. ती वाटी गाळाने भरलेली राहिली तर आत गेलेली धूळ कितीही महागडे ऑइल वाया घालवते.

ऑइल काळे झाले म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात ते थोड्याच तासांत काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवत असते. ते दुधाळ कॉफीसारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी मिसळले आहे. डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी आपोआप वाढली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर डिझेलचा पंप किंवा इंजेक्टर गळत आहे. दोन्ही वेळी ट्रॅक्टर जागीच थांबवावा; नुसते नवे ऑइल भरून भागत नाही.

काढलेल्या जळक्या ऑइलमध्ये कर्करोगकारक संयुगे असतात. वाळवीसाठी दारे-खिडक्यांना ते हाताने चोपडण्याची सवय घातक आहे. विहिरीच्या काठी ओतलेले ऑइल मुरून पाण्यात उतरते. ते झाकणबंद डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.