मुळांची लांबी आणि एन्झाइमचे आकडे एकत्र कसे आले

शिसं, कॅडमियमसारख्या जड धातूंमुळे झाडांवर येणाऱ्या ताणावरचा आजचा कुठलाही पेपर उघडा, मुळाची लांबी आणि त्याच्याच शेजारी एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज), कॅटलेज, पेरॉक्सिडेज या, ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून पेशीला वाचवणाऱ्या एन्झाइमचे आकडे असतातच. पण हे दोन विषय बराच काळ वेगवेगळ्या वाटेनं चालले होते.

गंमत म्हणजे एन्झाइमची बाजू सुरू झाली तीच एका मुळापासून. 1810 मध्ये प्लांश नावाच्या फ्रेंच माणसानं हॉर्सरॅडिशच्या (मोहरीच्या कुळातली तिखट मुळाची वनस्पती) ताज्या मुळाचा तुकडा ग्वायकम नावाच्या झाडाच्या राळेच्या अर्कात टाकला तर अर्क निळा झाला. ते पेरॉक्सिडेजचं काम होतं हे कळायला मात्र खूप वर्षं गेली. 1900 च्या सुमारास ऑस्कर ल्योव तंबाखूच्या पानांवर काम करत होता, हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणाऱ्या एन्झाइमला कॅटलेज हे नाव त्याचंच. एसओडीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. 1938 मध्ये मान आणि केलिन यांनी गुरांच्या रक्तातून तांबं असलेलं एक निळसर प्रोटीन वेगळं काढलं, पण ते करतं काय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि 31 वर्षांनी, 1969 मध्ये, मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की ते सुपरऑक्साइडचा, म्हणजे ऑक्सिजनच्या एका घातक रूपाचा, निकाल लावतं. पुढे 1981 मध्ये नाकानो आणि असादा यांनी पालकाच्या हरितलवकात ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज दाखवलं.

मुळांची बाजू आली खाणींच्या ढिगाऱ्यांवरून. वेल्समधल्या जुन्या शिशाच्या खाणीच्या मातीत गवत मजेत वाढतं हे ब्रॅडशॉनं 1952 मध्ये मांडलं आणि 1957 मध्ये विल्किन्सनं ही सहनशक्ती मोजायची साधी रीत दिली, धातू असलेल्या पाण्यात मूळ किती वाढलं आणि नसलेल्या पाण्यात किती, बस. आजही हीच मोजणी सगळ्यात प्रामाणिक वाटते मला, कारण धातूची पहिली गाठ पडते ती मुळाच्या टोकाशी, तिथल्या पेशींचं विभाजन मंदावतं, टोक तपकिरी आणि जाड होतं, पेशीभित्तीत लिग्निन (लाकडाला कडक करणारा पदार्थ) साचतं आणि मूळ आखडतं. त्या लिग्निनला हातभार लावणारं कोण, तर पुन्हा पेरॉक्सिडेजच!

या विषयाला घाई आली ती जपानमुळे. जिंत्सू नदीत कामिओका खाणीतलं कॅडमियम उतरत होतं, तेच पाणी भातशेतीला जायचं, आणि तांदूळ खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ होऊन असह्य दुखायची, म्हणून नावच पडलं इताई-इताई, म्हणजे दुखतंय दुखतंय. 1968 मध्ये सरकारनं हा प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. कॅडमियम मुळातून आत जातं कसं हा प्रश्न आता नुसता वनस्पतिशास्त्राचा राहिला नाही.

पण एक कोडं होतं. लोखंड किंवा तांबं पेरॉक्साइडशी भिडून घातक हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतं, ही फेंटनची रिॲक्शन आधीपासून माहीत होती. कॅडमियमला ते जमतच नाही, ते इलेक्ट्रॉनची देवघेव करत नाही, मग ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या घातक रूपांचा मारा, येतो कुठून? उत्तराचा मोठा तुकडा 1985 मध्ये मिळाला. ग्रिल, विनॅकर आणि झेंक यांना सर्पगंधेच्या पेशींमध्ये कॅडमियम दिल्यावर फायटोकेलॅटिन सापडले, हे छोटे पेप्टाइड धातूला धरून ठेवतात, पण बनतात ग्लुटाथायोन या पेशीतल्या सल्फर असलेल्या छोट्या रेणूपासून. म्हणजे धातू बांधून ठेवायला झाड जे खर्च करतं तेच पेरॉक्साइड निस्तरायलाही लागतं, दोन्हीकडे ओढाताण. शिवाय कॅडमियम प्रोटीनच्या सल्फर गटांना चिकटतं आणि लोखंड, जस्ताच्या जागा बळकावतं ते वेगळंच.

इथे दोन्ही वाटा एकत्र आल्या आणि मग पेपरांचा पूर आला. त्यात एक चूक वारंवार दिसते, एन्झाइम वाढला म्हणजे झाड तगडं असं धरून चालतात. असं नसतं हो. कमी डोसला बऱ्याचदा एन्झाइम वाढतात, डोस चढला की तेच कोसळतात, आणि मुळात आणि पानात चित्र वेगळं असू शकतं, त्यामुळे किती डोस, किती दिवस, कुठला भाग हे न सांगता दिलेला आकडा मला तरी निरुपयोगी वाटतो.

2012 मध्ये गोष्ट पुन्हा जपानच्या भातावर आली. कॅडमियम भाताच्या मुळात शिरतं ते मुख्यतः मँगनीजच्या दारातून, ओएसएनरॅम्प5 नावाच्या वाहक प्रोटीनमधून, आणि हे दार बिघडलेल्या कोशिहिकारी या जपानी जातीच्या भाताच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरलंच नाही. आणि मँगनीज मुळाला हवंच असतं, मायटोकाँड्रियातलं एसओडी त्याच्यावरच चालतं.