पोटावरच्या पिशवीची पार्श्वभूमी: शस्त्रक्रिया आधी, चिकटण्याची सोय पावणेदोनशे वर्षांनी

आतड्याच्या कर्करोगामुळे, अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहामुळे) किंवा अपघातामुळे ज्यांची शौचाची वाट पोटावर काढावी लागते, त्यांना रुग्णालयातून घरी जाताना एक चिकटणारी प्लेट, एक पिशवी आणि मोजक्या सूचना मिळतात. प्लेटचे छिद्र स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा, एक-दोन मिलिमीटरच मोठे कापावे, कातडीला तेल किंवा क्रीम लावू नये, पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी, अशा त्या सूचना असतात. त्या इतक्या साध्या दिसतात की घरी गेल्यावर सहज दुर्लक्षिल्या जातात. प्रत्यक्षात यातली प्रत्येक सूचना कोणाच्या तरी सोललेल्या कातडीवरून शिकलेली आहे, आणि ते शिकायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला.

आतडे पोटावर उघडता येईल, ही कल्पना फ्रेंच वैद्य अलेक्सी लित्र यांनी 1710 मध्ये मांडली; गुदद्वाराविना जन्मून दगावलेल्या एका अर्भकाचे शवविच्छेदन पाहून त्यांना ती सुचली होती. 1776 मध्ये रुआँ शहरातील पिलोर यांनी आतड्यात अडथळा आलेल्या एका रुग्णावर तशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष केली. पोटावरच्या छिद्रातून येणारा मळ थोपवण्यासाठी तिथे स्पंज ठेवून वरून पट्टा बांधलेला होता. रुग्ण 28 दिवस जगला. अडथळा सुटावा म्हणून त्याला आधीच पाजलेला पारा त्याच्या जिवावर बेतला. 1793 मध्ये ब्रेस्त येथे द्युरे यांनी ज्या नवजात बाळावर कोलोस्टोमी केली, म्हणजे मोठे आतडे पोटावर उघडले, ते मात्र पुढे 45 वर्षे जगले. दोनच वर्षांनी शस्त्रक्रिया झालेला, गाडीचा खुंट पोटात घुसून जखमी झालेला एक रुग्ण चामड्याची छोटी पिशवी वापरून म्हातारपणापर्यंत जगल्याची नोंद आहे. पिशवीच्या सर्वात जुन्या उल्लेखांपैकी हा एक होय.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे शल्यचिकित्सा पुढे सरकत राहिली आणि पिशवी होती तिथेच राहिली. 1908 मध्ये अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगासाठी सांगितलेल्या शस्त्रक्रियेमुळे कायमची कोलोस्टोमी असलेल्या लोकांची संख्या वाढली. ही माणसे कापडाच्या घड्या, कापूस, पट्ट्याने आवळलेल्या वाट्या आणि रबरी पिशव्या यांवर दिवस काढत होती. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातून येणारा मळ घट्ट असल्यामुळे त्यांचे कसेबसे निभावत असे.

लहान आतडे बाहेर काढलेल्यांची, म्हणजे इलिओस्टोमी झालेल्यांची स्थिती याहून कितीतरी बिकट होती. लहान आतड्यातला स्राव पातळ असतो, दिवसभर येत राहतो आणि त्यात अन्न पचवणारी एन्झाइम असतात. कातडीवर तो काही तास साचून राहिला, तरी कातडी भाजल्यासारखी लाल होऊन ओली पडते. आणि ओल्या कातडीवर काहीच चिकटत नसल्यामुळे गळती आणखी वाढते. आजही स्टोमा असलेल्या माणसाच्या बहुतेक तक्रारी याच चक्रातून सुरू होतात. शिकागोचे शल्यविशारद आल्फ्रेड स्ट्रॉस यांच्याकडे इलिओस्टोमी झालेल्या रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने स्वतःसाठी कातडीला लॅटेक्सने चिकटवायची रबरी पिशवी तयार केली. 1940च्या दशकात ‘केनिग-रुट्झेन पिशवी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. चांगल्या पिशवीची गरज शस्त्रक्रिया करणाऱ्याआधी ती सोसणाऱ्याला कळली, हे या इतिहासात इथून पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

1952 हे वर्ष या विषयात फार मोलाचे आहे. बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनी त्या वर्षी आतड्याचे टोक सदऱ्याच्या बाहीसारखे उलटे दुमडून शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे इलिओस्टोमीला दोन-तीन सेंटिमीटर उंचीची तोटी मिळाली, स्राव कातडीवर पसरण्याऐवजी थेट पिशवीत पडू लागला आणि आतड्याच्या उघड्या पृष्ठभागाला येणारी सूजही टळली. दुमडलेले अस्तर बाहेर असल्यामुळेच स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओलसर दिसतो. त्याला स्पर्शाची वेदना होत नाही. म्हणून प्लेटची कड घासून तो कापला गेला तरी कळत नाही, आणि म्हणून डोळ्यांनी रोज पाहणे आवश्यक ठरते.

त्याच सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रूपर्ट टर्नबुल यांच्या हाती एक पूड लागली, आणि तिचे मूळ आपल्याकडच्या डोंगरांत आहे. सातपुड्यात आणि मेळघाटात, खडकाळ उतारांवर कांडोळाचे झाड वाढते. पानझडीनंतर त्याचे पांढरेफटक खोड रात्री उठून दिसते, म्हणून त्याला भुताचे झाडही म्हणतात. खोडाला चीर दिली की पांढुरका, किंचित आंबूस वासाचा डिंक पाझरतो आणि वेड्यावाकड्या खड्यांसारखा वाळतो. जगाच्या बाजारात कराया नावाने ओळखला जाणारा हा डिंक प्रामुख्याने भारतातूनच जात असे, आणि कवळी हिरड्यांवर घट्ट बसावी म्हणून त्याची पूड वापरात होती. ही पूड पाणी शोषून फुगते आणि ओल्या पृष्ठभागालाही धरून राहते. स्टोमाभोवतीच्या सोललेल्या कातडीवर ती उपयोगी पडते हे लक्षात आल्यावर कराया पुडीचा आणि पुढे करायाच्या गोल कड्यांचा वापर सुरू झाला. हा डिंक आम्लधर्मी असल्यामुळे सोललेल्या कातडीवर झोंबे, उष्णतेने मऊ पडे आणि लघवीने विरघळे. तरीही कातडी आधी वाचवायची, पिशवी नंतर, हा क्रम त्याने पक्का केला. हा डिंक गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांचे नाव या इतिहासात क्वचितच घेतले जाते, आणि ते घेतले जायला हवे.

टर्नबुल यांच्या रुग्ण नॉर्मा गिल यांना स्वतःला इलिओस्टोमी झालेली होती. 1958 मध्ये त्या टर्नबुल यांच्याबरोबर इतर रुग्णांना शिकवू लागल्या, आणि 1961 मध्ये तिथे प्रशिक्षणही सुरू झाले. स्टोमा थेरपिस्ट हा व्यवसाय इथून उभा राहिला.

डेन्मार्कमधली गोष्ट दोन बहिणींची आहे. थोरा हिला बत्तिसाव्या वर्षी स्टोमा आला आणि गळतीच्या धास्तीने तिने घराबाहेर पडणे सोडले. तिची बहीण एलिसे सोरेन्सन परिचारिका होती. तिने 1954 मध्ये कातडीला थेट चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी प्लास्टिकची पिशवी कल्पिली. प्लास्टिकच्या वस्तू बनवणारे आगे लुई-हान्सन यांनी प्रथम नकार दिला. त्यांची पत्नी योहाने हीही परिचारिका होती. तिने त्यांचे मन वळवले आणि पहिल्या हजार पिशव्या तयार झाल्या. 1957 मध्ये स्थापन झालेल्या कोलोप्लास्ट कंपनीचा उगम हाच.

आजची प्लेट ज्या पदार्थाची असते, तोही तोंडातूनच आला. तोंडातल्या फोडांवर लावण्यासाठी जिलेटिन, पेक्टिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांचे ओराहेसिव्ह हे मिश्रण वापरात होते. त्यावरून 1970च्या दशकात स्टोमाहेसिव्ह ही प्लेट आली. ती ओलावा शोषते आणि कातडीला झोंबत नाही. पुढे प्लेट कातडीवर तशीच ठेवून फक्त पिशवी बदलण्याची दोन भागांची रचना रूढ झाली.

निवडीचे आजचे नियम या सगळ्यातून आले आहेत. इलिओस्टोमीला खालून उघडणारी पिशवी लागते, घट्ट मळाच्या कोलोस्टोमीला बंद पिशवीही चालते, आणि मूत्रमार्गाच्या स्टोमाला (लघवीची वाट पोटावर काढलेली असल्यास) तोटीची पिशवी लागते. बोटांत जोर कमी असेल तर प्लेट जोडलेलीच असणारी एक भागाची पिशवी सोपी पडते, मात्र ती दर वेळी कातडीवरून काढावी लागते. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो; त्यामुळे पहिल्या दिवशी कापलेले माप महिन्याने सैल पडते आणि उघड्या राहिलेल्या कडेवर स्राव साचतो. दर वेळी मापपट्टीने मोजून कापण्याचा आग्रह म्हणूनच धरला जातो. कातडी साध्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करावी, प्लेट लावल्यावर तळहाताची ऊब काही मिनिटे द्यावी, आणि पिशव्यांचा साठा उन्हापासून दूर ठेवावा. कोकणच्या दमट हवेत आणि घामाच्या दिवसांत प्लेट लवकर सुटते. तेव्हा पुस्तकातल्या दिवसांवर न विसंबता कडेला खाज किंवा जळजळ जाणवताच ती बदलावी.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचे स्टोमा क्लिनिक आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमा असलेल्यांची संघटना यांच्यामुळे ही विद्या मराठी रुग्णांपर्यंत पोहोचली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पोटावर शाईने जागेची खूण करतात, तेव्हा रुग्णाला निजवून, बसवून आणि उभे करून पाहायचे असते, कारण निजल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर घड्या पडतात. साडी नेसणाऱ्या बाईला परकराची नाडी कुठे बांधता, हे त्याच वेळी विचारावे लागते. नाडी प्लेटच्या मधोमध येत असेल तर कितीही महागाची पिशवी आणली तरी ती दुपारपर्यंत टिकत नाही.