काजू कच्चा नसतोच

माझ्या मावसबहिणीने जानेवारीपासून रॉ फूड चालू केलंय. म्हणजे ४५-४८ डिग्रीच्या वर काहीच गरम करायचं नाही, फळं, सॅलड, मोड आलेले मूग, आणि पोट भरायला मूठमूठ काजू, बदाम, अक्रोड, सूर्यफुलाच्या बिया. परवा घरी आली ती स्वतःचा डबाच घेऊन, वर आमच्या पोह्यांकडे जरा कीव केल्यासारखं बघून झालं. डब्यातले काजू बघून मी म्हटलं, ताई, हे कच्चे नाहीयेत. तर म्हणे, पाकिटावर लिहिलंय की!

आता ज्याने कोकणात एकदा तरी ओले काजू सोललेत त्याला हे सांगावं लागत नाही. होळीच्या आसपास आजोळी ओल्या काजूगरांची उसळ व्हायची, आणि त्यासाठी बिया विळीवर चिरायच्या आधी आजी हातांना खोबरेल तेल चोपडून घ्यायची, मध्येच राखेत बोटं बुडवायची. मी एकदा शहाणपणा करून तसाच बसलो आणि वर त्याच हाताने ओठ पुसला, मग काय, आठवडाभर बोटांची सालं निघत होती आणि ओठ असा सुजला की शाळेत जायची लाज वाटायची.

तो प्रताप काजूच्या टरफलातल्या तेलाचा. त्यात अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड आणि कार्डोल नावाची द्रव्यं असतात, ती कातडी भाजतात. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं, आणि बिब्बा उतणं म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला वेगळं समजवायला नको, धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा त्याच्याच रसाने करायचे. गंमत म्हणजे त्याच बिब्ब्याच्या पोटातली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालून चवीने खातो. बाहेरून आग, आतून गोड, काजूचंही तेच.

म्हणून कारखान्यात काजूची बी आधी भाजतात किंवा बॉयलरच्या वाफेवर उकडतात, मग टरफल फोडतात, आणि गर परत भट्टीत वाळवतात कारण त्याशिवाय वरचं साल सुटत नाही. म्हणजे दुकानातला पांढराशुभ्र 'कच्चा' काजू दोनदा आच खाऊन आलेला असतो, कच्चा म्हणजे फक्त तळलेला किंवा खारवलेला नाही एवढंच. परदेशात आच न लावता हाताने फोडलेले काजूही मिळतात, पण भाव ऐकून आपण फुटाणे घ्यावेत. बदामाचंही असंच, अमेरिकेत २००१ आणि २००४ मध्ये कच्च्या बदामांतून साल्मोनेला नावाच्या जंतूची लागण झाली, म्हणून सप्टेंबर २००७ पासून कॅलिफोर्नियाचे बदाम तिथे विकण्याआधी वाफेने नाहीतर गॅसने निर्जंतुक करावे लागतात, आणि तरी पाकिटावर 'रॉ' छापायला परवानगी आहे! उत्तर अमेरिकेबाहेर जाणाऱ्या मालाला ती सक्ती नाही.

ताईचा मुख्य मुद्दा मात्र वेगळा होता. शिजवलं की अन्नातले 'जिवंत' एन्झाइम मरतात म्हणे. मरतात हे खरंच आहे, पण कच्चं खाल्लं तरी ते पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये जातात, आणि एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीनच, त्यातल्या बहुतेकांचा तिथे तसाही निकाल लागतो. पचनाला लागणारे एन्झाइम आपलं शरीर स्वतःच बनवतं, बदामाकडून उसने आणायची गरज नसते.

आणि एक जागा तर अशी आहे की तिथे एन्झाइम जिवंत असणं हीच पंचाईत. कडू बदामात अ‍ॅमिग्डॅलिन नावाचं द्रव्य असतं. ते एका बाजूला, त्याला फोडणारा एन्झाइम दुसऱ्या बाजूला, दोघं वेगवेगळ्या कप्प्यात गपचूप बसलेले असतात. आपण बी चावली, थुंकीचं पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं, सोबत बेंझाल्डिहाइड, म्हणजे तो 'बदामाचा' म्हणून आईस्क्रीमला मारतात तो वास. खाणाऱ्याने पुन्हा वाटेला जाऊ नये म्हणून झाडाने केलेला बंदोबस्त आहे हा. जर्दाळूच्या बीचंही तेच, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय की मोठ्या माणसाने एका वेळी तीनपेक्षा जास्त छोट्या कच्च्या बिया खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते, आणि लहान पोराला तर एकसुद्धा जास्त होऊ शकते. आपल्याकडे जर्दाळू खाऊन झाला की बी फोडून खायची हौस असते, ती गोड निघाली तर ठीक, कडू लागली की थुंकून टाकायची, औषधी वगैरे म्हणून गिळायची नाही.

आता बदाम भिजवायचं. ताई रात्रभर भिजवते, कारण त्याने फायटिक अ‍ॅसिड निघून जातं असं तिने ऐकलंय. फायटिक अ‍ॅसिड लोह आणि झिंकला धरून ठेवतं हे बरोबर, पण न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात बदाम, अक्रोड वगैरे भिजवून मोजलं तेव्हा फायटिक अ‍ॅसिडमध्ये नाव घेण्यासारखा फरक पडला नाही, उलट तुकडे करून भिजवले तर खनिजंच थोडी पाण्यात गेली. भिजवलेला बदाम मऊ लागतो, साल पटकन निघतं, दात दुखणाऱ्या आजोबांना चावता येतो, एवढ्यासाठी खुशाल भिजवा. फक्त मे महिन्यात ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बदामाआधी जंतूच ताजेतवाने होतात.

खरा फरक पडतो तो बी किती फुटली यावर. बी म्हणजे झाडाचं बाळ आणि त्याची शिदोरी, आणि झाडाने तिचं तेल एकेका पेशीच्या भिंतीआड बंद करून ठेवलंय, ती भिंत आपल्याला पचत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून (पैसे काही अंशी बदामवाल्यांचे, हे सांगितलेलं बरं) अंगी किती लागलं ते मोजलं. अख्ख्या कच्च्या बदामातून ग्रॅममागे ४.४ कॅलरी मिळाल्या, भाजलेल्यातून ४.९, तुकड्यांतून ५ आणि बारीक वाटलेल्या बटरमधून ६.५. वजन कमी करायचं असेल तर अख्खा कच्चा बदाम फायद्याचा, पण ज्याचं सगळं जेवणच कच्चं त्याचं काय? जर्मनीत गीसेन विद्यापीठाच्या लोकांनी रॉ फूडवाल्यांचा अभ्यास १९९९ मध्ये छापला, त्यात ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी जवळपास ३० टक्के जणींची पाळी अनियमित झालेली किंवा बंदच पडलेली होती. वजन फार उतरलं की शरीर आधी तिथे काटकसर करतं. आणि बी१२ कुठल्याच बदामात नाही, अक्रोडात नाही, ती गोळी घ्यावीच लागते, यात वाद नको.

आपल्या आज्यांनी हे मोजलं नव्हतं, पण जवस भाजून कुटायचं, कारळे भाजून कुटायचे, दाण्याचं कूट करायचं, हे त्यांना ठाऊक होतं. अख्खं जवस न चावता गिळलं तर बरंचसं आलं तसं बाहेर जातं, ओमेगा-३ त्याच्या पोटातच राहतं. जवसातही थोडी सायनाइडची जात आहे, भाजलं की कमी होते, आणि दिवसाला चमचा-दोन चमच्यांनी तसंही काही बिघडत नाही. कुटलं की मात्र तेलाला हवा लागते आणि ते खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच कुटायचं. शेंगदाणा सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा वास येणारा असेल तर फेकाच, बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजूनही पूर्ण जात नाही. हे विष सापडलं तेच मुळी १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा, त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती.

ताईला हे सगळं सांगून झालं. तिने शांतपणे काजूचं पाकीट उलटंपालटं करून बघितलं, आणि म्हणाली, भाजलेलेच आहेत ना मग, आण तुझे पोहे.