बल चढायला लागणारा वेळ

कोल्हापुरात तालमीच्या नावाने फुटबॉलचा संघ असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं शाहू स्टेडियमवर जितकी घुमतात तितकी आखाड्यातही घुमत नसतील. त्यातूनच इथे एक समज पक्का बसलाय, की जोर-बैठकांनी कमावलेलं अंग कुठल्याही खेळाला चालतं. अलीकडे त्याला जोड मिळालीय नव्या जिमच्या पाट्यांवरच्या ‘फंक्शनल फिटनेस’ची. रबरी अर्ध्या चेंडूवर उभं राहून डंबेल उचला, टायर उलटवा, जाड दोर आपटा, मैदानावर फरक दिसेलच! दोन्हीकडे गृहीत एकच आहे: ताकद एकाच प्रकारची असते आणि एकदा कमावली की हवी तिथे वापरता येते.

फुटबॉलपटू पूर्ण वेगात धावतो तेव्हा त्याचं पाऊल जमिनीला जेमतेम 0.1 सेकंद टेकतं. स्नायूला आपलं कमाल बल गाठायला मात्र 0.3 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे 150 किलोचा बार खांद्यावर घेऊन बसून उठणाऱ्या खेळाडूचंही सगळं बल धावताना कधीच बाहेर येत नाही. बल चढत असतानाच पाय जमिनीवरून सुटतो. त्या पहिल्या 0.1 सेकंदात किती बल उभं राहिलं, यावर वेग ठरतो.

हे बल चढतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. मेरुरज्जूतून निघालेली एक चेतापेशी स्नायूतल्या काही तंतूंना जोडलेली असते. कुठे मोजक्या, कुठे हजाराहून जास्त. या जोडगोळीला मोटर युनिट म्हणतात. काम हलकं असेल तर आधी लहान युनिटं जागी होतात. त्यांचे तंतू मंद, पण न थकणारे. गरज वाढेल तशी मोठी युनिटं येतात. त्यांचे तंतू वेगवान आणि जोरकस, पण लवकर दमणारे. हा क्रम सहसा मोडत नाही. मात्र झटक्यात पूर्ण जोर लावायचा मनात धरून हालचाल केली, तर मोठ्या युनिटांचा उंबरठा खाली येतो आणि तीही जवळजवळ लगेच कामाला लागतात. शिवाय चेतापेशी सुरुवातीलाच संदेशांची सरबत्ती करते. जोर धरून ठेवताना सेकंदाला 20-30 संदेश जात असतील, तर झटक्याच्या पहिल्या क्षणी तो दर शंभराच्या आसपास जातो. संदेश इतके लागोपाठ आले की तंतूला आखडायला लावणाऱ्या कॅल्शियमला परत साठ्यात जायला उसंत मिळत नाही, आणि बल उभं चढतं. काही आठवड्यांच्या सरावाने हा सुरुवातीचा दर वाढतो. स्नायूचा घेर तेवढाच राहूनही खेळाडू चपळ होतो, तो यामुळे.

दुसरं बंधन ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 साली बेडकाच्या स्नायूवर मोजलं. स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितकं त्याचं बल कमी पडतं, आणि ही घट वक्ररेषेत होते. या रेषेच्या ज्या टोकाला, जड आणि मंद किंवा हलक्या आणि वेगवान, सराव कराल, तिथे सुधारणा जास्त.

आता बैठका पाहू. सलग 500 बैठका मारता येतात, याचाच अर्थ एकेका बैठकीचं ओझं कमाल ताकदीच्या मानाने थोडं आहे. त्यातून दम वाढतो, गुडघा-घोटा तयार होतो. मॅटवर 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या किंवा मातीवर लांबलेली निकाली कुस्ती पेलायला हे लागतंच. तालमीने ते शतकभर अचूक ओळखलंय. पण पाचशेच्या हजार केल्याने कमाल बल फारसं वाढत नाही, आणि झटका, म्हणजे क्षणात बल उभं करण्याची क्षमता, तर नाहीच.

झटक्यासाठी आधी पाया घालावा लागतो: एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 80-85 टक्के भार, 3 ते 5 वेळा, असे 3-4 सेट, मध्ये 3 मिनिटं विश्रांती. आठवड्यातून दोनदा, निदान दोन-तीन महिने. मग उड्या. 30 सेंटीमीटरच्या खोक्यावरून खाली उतरायचं आणि जमिनीला पाय लागताच वर उसळायचं. 5 उड्यांचे 4 सेट पुरे, दोन सत्रांत 48 तासांचं अंतर. टाच जमिनीवर आपटली किंवा खाली पाय रेंगाळला तर खोकं उंच आहे, कमी करा. उडीची उंची घटू लागली की थांबा, कारण दमलेल्या पायाने मारलेली उडी संथपणाचाच सराव देते.

रबरी अर्ध्या चेंडूवर उभं राहिलं की स्नायू तोल सावरण्यात गुंततात आणि पायाचं बल घटतं. मुरगळलेला घोटा सावरताना तो उपयोगी, ताकदीसाठी नाही. उलट टोकाची चूक म्हणजे खेळाची हुबेहूब नक्कल. पायाला वजन बांधून किक मारली की पाय मंदावतो, गुडघ्याला हिसका बसतो आणि किकची लय बिघडते. किक मैदानावर शिकायची, बल बाहेर कमवायचं.

फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त दगा देतो मांडीमागचा हॅमस्ट्रिंग. धावताना पाऊल टेकण्याच्या जरा आधी तो ताणला जात असतानाच पाय थोपवतो आणि तिथेच फाटतो. म्हणून त्याला लांबताना जोर धरायला शिकवायचं. गुडघ्यांवर उभं राहा, जोडीदाराने घोटे धरावेत, कंबर न मोडता शरीर हळूहळू पुढे सोडा, शेवटी हात टेका. पहिल्या आठवड्यात एकदाच, 5 वेळा 2 सेट. मग हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी 30 केले तर चार दिवस चालता येणार नाही. या व्यायामाने अशा दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असं अभ्यास सांगतात. आणि भार उचलताना पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ खाऊ नका. ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत बहुधा आपोआप उतरते. पाय बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली तर लगेच डॉक्टर गाठा.

मैदान न पाहणाऱ्यांनाही हे सगळं लागू पडतं. वयाबरोबर ताकदीपेक्षा झटका आधी ओसरतो. ठेच लागल्यावर पाऊल पुढे टाकायला क्षणाचाही अवधी नसतो, आणि तिथेच आजी पडते. भिंतीला टेकलेल्या, साधारण 45 सेंटीमीटर उंच खुर्चीवर त्यांना हात छातीवर घेऊन बसवा आणि सलग 5 वेळा उठ-बस करायला सांगा. 15 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत. मग सराव हाच: सावकाश बसायचं, चटकन उठायचं, 6 वेळा, 2 सेट, एक दिवसाआड. हात टेकावा लागत असेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा.