अंथरुणाला खिळलो तर कोण करणार? ज्येष्ठांच्या तरतुदीमागचा इतिहास

निवृत्त माणसाच्या कपाटात बहुधा एक फाइल असते. पेन्शनची ऑर्डर, एफडीच्या पावत्या, मेडिक्लेमची पॉलिसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्युपत्राची प्रत असं सगळं तीत नीट लावलेलं असतं आणि ती कुठे ठेवली आहे ते घरच्यांना सांगून झालेलं असतं. मृत्यूनंतरची सोय चोख असते. पण मृत्यूच्या आधीची दोन, पाच, कधी दहा वर्षं परावलंबी गेली तर काय, याचा एकही कागद त्या फाइलीत सापडत नाही. पक्षाघाताने एक बाजू गेली, खुब्याचं हाड मोडलं, किंवा विसरणं वाढत वाढत स्वतःच्या मुलाची ओळखही पटेनाशी झाली, तर आंघोळ कोण घालणार आणि सही कोण करणार? हा प्रश्न माणसं आळसामुळे टाळतात असं मला वाटत नाही. आपल्याकडे म्हातारपणाची तरतूद ज्या क्रमाने घडत गेली, त्या क्रमातच हा प्रश्न मागे पडला.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीला पोचलं आहे. म्हातारी माणसं तेव्हाही होती, पण वर्षानुवर्षं अंथरुणावर काढावी लागणारी कमी होती. न्यूमोनियाने किंवा पडण्याने आलेलं दुखणं बरेचदा काही आठवड्यांत संपून जाई. तरतूद म्हणजे जमीन. वाटण्या करताना बाप एक तुकडा स्वतःच्या नावावर ठेवी. विधवेला चोळीबांगडीसाठी जमीन तोडून दिली जाई. तिने हयातीपर्यंत तिचं उत्पन्न खायचं. मुलं वेगळी झाली की आईवडिलांची पाळी लागे, चार महिने या घरी आणि चार त्या घरी. कुठली जमीन कुणाला, हे कागदावर यायचं. म्हाताऱ्यांचं करायचं कुणी, हे मात्र कधी लिहावं लागलं नाही, कारण ते सुनेने करायचं हे गृहीत होतं. पुढच्या सगळ्या कायद्यांनी आणि योजनांनी हे गृहीतक जसंच्या तसं उचललं.

ज्यांना कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी धर्मादाय होता. पुण्याच्या नवी पेठेत आज 'निवारा' म्हणून ओळखली जाणारी संस्था १८६०च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी उभी राहिली. निराधार, अपंग आणि वृद्ध यांची एकाच छपराखाली सोय होई. कुटुंब असलेल्या माणसाने तिथे जाणं म्हणजे कुटुंबाची बेअब्रू, आणि वृद्धाश्रमाबद्दलची ती भावना पुढे शंभर वर्षं टिकली.

मग नोकऱ्या आल्या आणि जमिनीची जागा पगारातून कापलेल्या पैशाने घेतली. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२चा, ग्रॅच्युइटीचा १९७२चा. सरकारी नोकराला पेन्शन होतं, पण केंद्र सरकारच्या नोकरांच्या विधवांना सर्रास फॅमिली पेन्शन मिळू लागलं ते १९६४च्या योजनेनंतर. हा तपशील महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नवरा वयाने मोठा असतो, त्याच्या आजारपणात बायको त्याचं करते आणि नंतर बरीच वर्षं एकटी राहते. तरतूद त्याच्या नोकरीवर बेतलेली आणि परावलंबी वर्षं बहुतेक तिच्या वाट्याला, अशी ही विसंगती आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांची वेगळीच व्यवस्था होती. चाळीतल्या खोलीत तीस-पस्तीस वर्षं काढायची, गावी घर राखायचं, आणि फंड-ग्रॅच्युइटी घेऊन कोकणात किंवा घाटावर परतायचं. गावी भाऊबंद, सुना, पुतणे असतील हा त्यातला विमा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि या हिशेबाची वीणच उसवली. कित्येकांची नोकरी निवृत्तीच्या किती तरी आधी गेली, आणि गावाकडचे तरुण हात तोवर स्वतःच शहरांकडे निघालेले होते. खासगी नोकरदारांसाठी १९९५ला पेन्शन योजना आली. तिची किमान रक्कम २०१४पासून दरमहा १,००० रुपये आहे. आज शहरात आयाला इतके पैसे दोन-तीन दिवसांतच द्यावे लागतात. ज्यांना नोकरीच नव्हती त्यांच्यासाठी राज्यात १९८०ला संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, पुढे श्रावणबाळ योजना. २०२३पासून त्यांची रक्कम १,५०० रुपये झाली. निवृत्त सरकारी नोकर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. २०१४पासून तो बोटाच्या ठशावर घरबसल्याही देता येतो. सरकार वर्षातून एकदा एवढंच विचारतं की माणूस जिवंत आहे का. तो स्वतःच्या हाताने जेवतो का, हे विचारणारा रकाना त्या दाखल्यात नाही.

मुलं पाहत नाहीत, ही तक्रार कायद्यापर्यंत पोचली तीही पैशाच्या रूपाने. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलगा-मुलगी दोघांवर टाकला. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ने आईवडिलांना पोटगी मागण्याची वाट दिली. कल्याणला प्रॅक्टिस करणाऱ्या एका विवाहित डॉक्टर मुलीकडे वडिलांनी याच कलमाखाली पोटगी मागितली आणि १९८७ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीचीही जबाबदारी मान्य केली. मुलीचं घर म्हणजे परकं घर, या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का होता.

२००७ला आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. प्रांताधिकाऱ्याच्या, म्हणजे उपविभागाच्या पातळीवर न्यायाधिकरण, वकिलाची गरज नाही, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च. कलम २३ने तर फार मोठी सोय केली. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, सांभाळ झाला नाही तर रद्द करता येतं. २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात अशी अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं म्हटलं. जानेवारी २०२५च्या निकालात कायद्याचा हेतू पाहून एका आईच्या बाजूने उदार अर्थ लावला. घर मुलाच्या नावावर करायला निघालेल्या प्रत्येकाने सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी, हे मी ठामपणे सांगेन.

पण या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय उपचार. रोजची शुश्रूषा त्यात नावाने नाही. डिसेंबर २०१९ला लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात १०,०००ची मर्यादा काढून टाकायची आणि घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांना नियमांत आणायची तरतूद होती. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ला लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. या विषयात एवढी मोठी संधी हातची जाऊनही त्याची फारशी चर्चा झाली नाही, याचं वाईट वाटतं.

दरम्यान वृद्धाश्रमांबद्दलची लाज थोडी सैल झाली. १९९५नंतर युती सरकारने 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आणली. मुलं परदेशी गेलेल्या पुण्याने तर पर्यायच बदलला. २०००च्या सुमारास 'अथश्री'सारखी खास ज्येष्ठांसाठीची संकुलं उभी राहिली: स्वतःचा फ्लॅट, रॅम्प, न्हाणीघरात धरायला दांडे, खाली भोजनगृह. साठीतली जोडपी स्वतःहून, मुलांनी सुचवण्याआधी, तिथे गेली. स्वतःच्या म्हातारपणाचं नियोजन स्वतः करणारी मराठी मध्यमवर्गातली ही बहुधा पहिलीच पिढी. मात्र बहुतेक वृद्धाश्रमांचा प्रवेश अर्ज नीट वाचावा. 'स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश' अशी अट त्यात सर्रास आढळते. म्हणजे हिंडतंफिरतं असताना जागा मिळते आणि खरी गरज पडल्यावर घरी न्या म्हणून निरोप येतो. अंथरुणावरच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घेणारी केंद्रं वेगळी, थोडी आणि महाग. जागा घेताना विचारायचा पहिला प्रश्न बाग किती मोठी आहे हा नसून मी उठू शकलो नाही तर काय, हा आहे.

विम्याचीही तीच गत. मेडिक्लेम १९८६ला आला आणि तो घडला दवाखान्यातल्या मुक्कामाभोवती. २०२४ला विमा नियामकाने नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची अट सैल केली, त्याच वर्षी आयुष्मान भारत सत्तरीपुढच्या सगळ्यांना खुलं झालं. दोन्ही चांगलंच. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात आणि त्यानंतर आठ महिने घरी ठेवलेल्या शुश्रूषेच्या बाईचे मिळत नाहीत. जर्मनीने शुश्रूषेसाठी सक्तीचा सामाजिक विमा १९९५ला सुरू केला, जपानने २०००ला, चाळिशीपासून हप्ता घेऊन. आपल्याकडे तसं काही नाही.

त्यामुळे प्रत्यक्षात सगळा भार दोन प्रकारच्या बायकांवर पडतो. एक घरातली. दुसरी ब्युरोची, म्हणजे घरी शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची: बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्यूटी करणारी मावशी, पुरुष रुग्णाला उचलायला 'ब्रदर'. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहावे लागतात, चादरीची सुरकुती काढावी लागते, नळीतून भरवताना उशाकडची बाजू वर ठेवावी लागते. एक रात्र चुकली तर कातडी लाल होते, आठवड्यात जखम होते. हे कौशल्याचं काम आहे, आणि ते करणाऱ्या बहुतेक बायका घरकामातून, कुणी न शिकवता यात आलेल्या असतात. मदतीची दुसरी जुनी, भली वाट म्हणजे रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं. गावोगावचे न्यास आणि ज्येष्ठ नागरिक संघ अनामत घेऊन फाउलर बेड (उशाकडची बाजू वर करता येणारी खाट), वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी वापरायला देतात. २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशाच साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात.

चांगली शुश्रूषा म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण एका वृद्धेचं नाही. नोव्हेंबर १९७३मधल्या हल्ल्यानंतर केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग जवळजवळ ४२ वर्षं तिथेच खाटेवर होत्या. तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी त्यांचं सगळं केलं. इतक्या वर्षांत त्यांना अंथरुणाचे व्रण होऊ दिले नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयासमोर आली. त्यांना कृत्रिमरीत्या जगवणं थांबवू द्यावं, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ला फेटाळताना न्यायालयाने या परिचारिकांचा शब्द निर्णायक मानला, आणि त्याच निकालात उपचार थांबवण्याची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, पहिल्यांदा खुली केली.

इथून तरतुदीचा नवा भाग सुरू होतो: निर्णयांची तरतूद. मुंबईत मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी १९८१लाच संस्था काढली होती, पण कायद्याने दाद लागायला ९ मार्च २०१८ उजाडावा लागला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने 'लिव्हिंग विल' मान्य केलं. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर नको, हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवायचं. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. जानेवारी २०२३ला नियम सोपे झाले: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. पण तसे अधिकारीच नव्हते. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात जनहित याचिका केली आणि मग महाराष्ट्रात ते नेमले गेले. आता हे मृत्युपत्राइतकंच सहज करता येतं. ते करताना मुलांना समोर बसवावं, नाहीतर आयसीयूच्या दाराशी परगावचा मुलगा आणि जवळची मुलगी यांच्यात वाद होतो आणि कागद ड्रॉवरमध्येच राहतो.

लिव्हिंग विल शेवटच्या काही दिवसांसाठी असतं. स्मृतिभ्रंशाची वर्षं मोठी असतात. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. अशा वेळी उपयोगी पडेल म्हणून अनेक जण मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण १८७२च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. नेमकी लागते तेव्हाच ती निरुपयोगी ठरते. भान गेल्यावरही चालू राहील असं मुखत्यारपत्र इंग्लंड-अमेरिकेत करता येतं, भारतात त्याचा कायदा नाही. हात चालत नसेल तर बँक दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा, अगदी पायाच्या अंगठ्याचाही ठसा चालवून घेते. भान गेलेलं असेल तर ठसाही चालत नाही. मग पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबाला हायकोर्टात जावं लागतं आणि तोवर आईच्याच उपचारांसाठी आईच्याच एफडीला हात लावता येत नाही. खातं आधीपासून 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं असेल तर निदान तेवढी अडचण टळते.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या बाजूला एक छोटी खिडकी उघडली आहे. आपल्या वतीने कोण बोलेल, त्याचं नाव साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की तो नामनिर्देशित प्रतिनिधी होतो. स्टॅम्प लागत नाही, नाव कधीही बदलता येतं. कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही येतात. हा प्रतिनिधी मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल बोलू शकतो. घर, पैसा आणि खात्यांबद्दल मात्र त्याला काही बोलता येत नाही.