डबकं आटायच्या आत: सोलापूरच्या बेडूक-सरड्यांची पार्श्वभूमी

सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरचा. मृग कोरडा गेला तरी शेतकरी उत्तरा-हस्तावर आशा ठेवतो. मंगळवेढ्याची ज्वारी त्याच ओलीवर येते. बेडकांना इतकं थांबता येत नाही. पहिल्या दणक्याच्या पावसात साचलेलं डबकं टिकेल की आठवड्यात आटेल, याचा अंदाज नसतानाच त्यांना अंडी घालावी लागतात.

दुष्काळात मुसळाला बेडूक बांधून धोंडी मागायची चाल आपल्याकडे होती. बेडूक आणि पाऊस यांची सांगड लोकांनी फार आधी घातली होती.

माळावरचा या परीक्षेतला पक्का गडी म्हणजे मातीत पुरून राहणारा, आखूड तोंडाचा, जाडजूड बेडूक. श्नायडर या जर्मन अभ्यासकाने 1799 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. आज तो स्फेरोथेका ब्रेव्हिसेप्स म्हणून ओळखला जातो. मागच्या पायांना खुरप्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने तो मागे मागे सरकत जमिनीत शिरतो आणि कोरडे महिने तिथेच काढतो. पाऊस झाला की वर येतो, डबक्यात अंडी घालतो. पिल्लांपुढे मग दोन संकटं: पाणी आटणं, आणि मोठ्या पिवळ्या बेडकाची मांसाहारी पिल्लं. ती इतर पिल्लांना सर्रास खातात.

पिल्लांना पाय फुटतात, शेपूट जिरते, हे सारं घडवतं कोण? 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि ती वेळेआधीच, पण चिमुकल्या आकारात बेडूक झाली. पुढे कळलं की पाणी कमी होऊ लागलं की काही जातींच्या पिल्लांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि तीच थायरॉइडच्या कामाला वेग देतात. आपल्या शेजारी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि सहकाऱ्यांनी स्फेरोथेकाचीच पिल्लं घटत्या पाण्यात वाढवली. त्यांचं रूपांतरण लवकर झालं, हा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो परदेशातल्या तळ्याचा नाही, आपल्याच पठारावरच्या जिवाचा आहे.

सरड्यांना पाण्याची ही घाई नाही. त्यांची अंडी मातीत असतात. तिथे प्रश्न उष्णतेचा. अंडं किती तापमानात उबतं यावर नर की मादी हे ठरू शकतं, हे 1966 मध्ये मादलेन शार्निये या संशोधिकेने सेनेगलमधल्या एका सरड्यात पाहिलं. आपल्या कुंपणावरच्या साध्या सरड्यातही तापमानाचा असा परिणाम धारवाडच्याच संशोधकांनी नोंदवला आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जाणाऱ्या जिल्ह्यात ही गोष्ट नीट तपासायला हवी. गळ्याचा रंगीत पंखा उघडून मादीला बोलावणारा दख्खनी सरडा जर्डन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1870 मध्ये नोंदवला. 2016 मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली गेली तेव्हा तिचं नाव चक्क ‘सरडा’ ठेवलं गेलं, आपल्याच शब्दावरून. त्याला मोकळी जमीन लागते, झाडी नव्हे. माळाला पडीक समजून रोपं लावली की त्याची जागा जाते. नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये माळढोकासाठी झालं, पण गवत राखलं की सरडेही राहतात.

पाण्याचा नकाशाही बदलत गेला. 1871 च्या सुमारास एकरुखचा तलाव झाला, 1980 मध्ये उजनी, मग कालवे आणि ऊस. बारमाही पाण्यात मासे असतात आणि मासे बेडकाची पिल्लं खातात. उथळ डबक्यावर वाढणाऱ्या जातींना असं पाणी उपयोगी नाही. मोठ्या पिवळ्या बेडकावर तर वेगळंच संकट होतं: त्याच्या तंगड्या परदेशी जात. ती निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली.

आता सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांतून प्लास्टिक अंथरलेली शेततळी दिसतात. त्यांच्या उभ्या, गुळगुळीत कडांवर आत पडलेल्या बेडकाला, धामणीला पाय किंवा पोट रोवता येत नाही. काठावरून एक जाड दोर किंवा गोणपाट पाण्यापर्यंत सोडून ठेवलं, तर त्याला धरून ते वर येऊ शकतात.