एचआयव्ही पाहणीत रक्ताचा नमुना देताना : पात्रता, संमती, कागदपत्रं (नाशिक)

जास्त जोखमीच्या गटांत एचआयव्हीचं प्रमाण किती आहे, हे नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) ठरावीक काळाने ‘सेंटिनल सर्व्हेलन्स’ या पाहणीतून मोजते. यासाठी अर्ज करावा लागत नाही. तुमचा टीआय प्रकल्प (जास्त जोखमीच्या गटांसाठी चालणारा प्रतिबंधाचा प्रकल्प) निवडला गेला असेल तर ओआरडब्ल्यू (प्रकल्पाचे वस्तीत फिरणारे कार्यकर्ते) किंवा पीअर ताई (तुमच्याच गटातली कार्यकर्ती) स्वतः बोलवायला येतात.

वय 15 ते 49 हवं. देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठी गेले 6 महिने, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी गेला 1 महिना आणि सुईने नशा करणाऱ्यांसाठी गेले 3 महिने धरतात. त्या काळात एकदा तरी तसं घडलेलं असावं.

एका फेरीत एका व्यक्तीचा एकच नमुना घेतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एकच बाई दोन हॉटस्पॉटवर (गटातले लोक जमतात त्या ठिकाणी) दोन नावांनी नोंदलेली असते आणि दोन्हीकडून तिला बोलावणं येतं. एका केंद्रावर साधारण 250 नमुने असतात, म्हणजे एका दुबार पॉझिटिव्ह नमुन्याने प्रमाण जवळपास 0.4 टक्क्याने फुगतं. आधी दिला असेल तर तसं स्पष्ट सांगा, कुणी रागावणार नाही.

आधार, रेशन कार्ड, फोटो यातलं काहीही लागत नाही. नमुन्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. संमती मात्र लागतेच. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि त्यानुसार एरवी माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही; निनावी पाहणीला त्यात सूट आहे, तरी या पाहणीत संमती घेतातच. नकार दिलात म्हणून कंडोम, सुया किंवा दवाखान्याची सेवा थांबवता येत नाही. तशी धमकी कुणी दिली तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.

बोटाला टोचून पहिला थेंब पुसतात, पुढचे थेंब फिल्टर पेपरच्या कार्डावरच्या गोलांत घेतात. बोट जोरात पिळलं की रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं, एका गोलावर थेंबावर थेंब टाकला की डाग जाड होतो, आणि कार्ड ओलसर असताना पाकिटात घातलं की नमुना खराब होतो. म्हणून हात आधी कोमट पाण्याने धुवा आणि खाली सोडून ठेवा, रक्त सहज येतं.

उपचारासाठी मात्र हा नमुना चालत नाही, आयसीटीसीचा (सरकारी समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणी केंद्राचा) अहवालच लागतो. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये ही तपासणी मोफत होते. पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह (संसर्गाची शक्यता दाखवणारी) आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर पडताळतात. जोखीम नुकतीच घडली असेल तर निगेटिव्ह अहवालावर विसंबू नका, 3 महिन्यांनी पुन्हा तपासा. जोखीम चालूच असेल तर दर 6 महिन्यांनी जा. पॉझिटिव्ह आल्यास एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रात तो अहवाल आणि असल्यास ओळखपत्र घेऊन जा. गोळ्या मोफत मिळतात आणि सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारक पेशींची मोजणी) कितीही असला तरी सुरू होतात.